फटाक्यांची रात्र आणि दारातलं कुत्रं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घाटाखालच्या एका शेतकऱ्यानं मला एकदा विचारलं होतं, "साहेब, आमचं कुत्रं रात्री रानडुकराले भेत नाही. रोही आला तं धुऱ्यापर्यंत त्याच्या मागं पळते. अन् लेकरानं एक सुतळी बॉम्ब लावला का बाजेखाली काऊन घुसते?" आजूबाजूची माणसं हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दिवाळीच्या दिवसांत हेच कोडं घरोघरी पडतं, आणि त्याचं उत्तर ठाऊक नसल्यामुळे दरवर्षी कितीतरी कुत्री जखमी होतात, हरवतात, काही जिवाला मुकतात.

पशुवैद्यक म्हणून माझ्या नोकरीची बरीच वर्षं बुलढाणा जिल्ह्यात गेली. काही घाटावर, काही घाटाखाली. आमच्या दवाखान्यात गर्दी असायची ती गाई-बैलांची आणि शेळ्यांची. कुत्रं क्वचित यायचं. पण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, दाराशी हमखास दोन-तीन कुत्री असायची. कुणाच्या गळ्यात साखळी रुतलेली, कुणाची नखं दार खरवडून उपटलेली, कुणी रात्री पळत सुटून रस्त्यावर गाडीखाली आलेलं. फटाक्यानं प्रत्यक्ष भाजलेलं कुत्रं त्या मानानं कमी. बहुतेक इजा भीतीपोटी झालेली असायची. म्हणून आज फटाक्यांपेक्षा त्या भीतीबद्दल जास्त बोलणार आहे.

शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. रानडुक्कर वावरात शिरण्याआधी त्याचा वास येतो. पिकाची सळसळ ऐकू येते. ते कुठल्या अंगानं येतंय हे कुत्र्याला कळतं, आणि कुत्रं जोरात भुंकलं की डुक्कर बहुधा बाजूला होतं. म्हणजे काहीतरी कुत्र्याच्या हाती असतं. फटाक्याचं तसं नाही. आधी कसली सूचना नाही. आवाज भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे तो नेमका कुठून आला ते उमगत नाही. भुंकून तो थांबत नाही, पळावं तर पुढच्या गल्लीतही तोच. पुन्हा कधी होणार आणि कधी संपणार याचा अंदाज नाही. ज्या गोष्टीचा अंदाज बांधता येत नाही आणि जिच्यावर आपला काही इलाज चालत नाही, तिला कुठलाही प्राणी सर्वांत जास्त घाबरतो. विजेच्या कडकडाटालाही पुष्कळ कुत्री भितात, पण तिथं निदान आधी वारा सुटतो, अंधारून येतं. त्यामुळे डुकराला भिडणारं कुत्रं बाजेखाली शिरलं म्हणून ते भित्रं ठरत नाही.

त्यात कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. आपल्या कानाला मुळीच न जाणवणारे बारीक, किरटे आवाज त्याच्या कानावर आदळत असतात. फटाक्यांच्या आवाजाला कायद्यानं मर्यादा आहे. १९९९ सालच्या अधिसूचनेनुसार, फटाका फुटतो त्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारे फटाके बनवायला, विकायला आणि वापरायला बंदी आहे. पण १२५ हा आकडासुद्धा लहान नाही. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. शिवाय अंगणात बांधलेलं कुत्रं चार मीटरवर असतंच असं नाही. कित्येकदा लड लावली जाते ती त्याच्या पुढ्यातच.

आवाज कानावर पडला की काही क्षणांत शरीरात अॅड्रिनॅलिन नावाचं संप्रेरक उसळतं. छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताणले जातात; पळण्याची किंवा चावण्याची तयारी होते. दुसरं संप्रेरक, कॉर्टिसॉल, सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. एक फटाका फुटून विसरला गेला असं होत नाही. पहिल्याचा परिणाम ओसरण्याआधी दुसरा, दुसऱ्याचा ओसरण्याआधी दहावा, असं साचत जातं. म्हणून धनत्रयोदशीला फक्त कान टवकारणारं कुत्रं लक्ष्मीपूजनाच्या रात्री थरथर कापू लागतं, आणि भाऊबीजेला मोटारसायकलच्या फटफटीनंही दचकतं.

"होईल सवय हळूहळू," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलं नसेल. काही जण तर सवय व्हावी म्हणून पिलाला मुद्दाम फटाक्यांजवळ धरून ठेवतात. कृपा करून असं करू नका. हलक्या, निरुपद्रवी आवाजाची सवय होते हे खरं. मिक्सरची होते, पिठाच्या गिरणीची होते. पण जिथं प्राणी जिवाच्या आकांतानं घाबरतो, तिथं बहुधा उलटं घडतं. भीती दरवर्षी वाढते आणि पसरते. आधी बॉम्बची, मग टिकल्यांची, मग काडेपेटी ओढल्याच्या आवाजाची, शेवटी दिव्यांच्या माळा लागल्या की त्यांचीही.

याचं एक जुनं उदाहरण शास्त्राच्या इतिहासात नोंदलेलं आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग शाळेच्या पुस्तकामुळे पुष्कळांना माहीत असतात. घंटा वाजली की लाळ, वगैरे. १९२४ साली लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला आणि पाणी त्यांच्या प्रयोगशाळेत शिरलं. पिंजऱ्यातली कुत्री बुडता बुडता वाचवली गेली. पूर ओसरला, तरी त्यांतली काही कुत्री पूर्ववत झाली नाहीत. शिकवलेलं विसरली. पुढं त्यांतल्या एकाच्या खोलीत दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली, तरी ते बिथरून गेलं. एका रात्रीची भीती अशी मुरते. आपल्याकडे तर ती रात्र दरवर्षी येते, आणि ओळीनं चार-पाच दिवस येते.

भीती ओळखायची कशी? थरथरणं, शेपूट पोटाशी घेणं, लपणं हे कुणालाही दिसतं. पण उन्हाळा नसताना धापा टाकणं, एकसारख्या जांभया देणं, ओठ चाटत राहणं, घरभर येरझाऱ्या घालणं, आवडीची भाकरी पुढं ठेवली तरी तोंड न लावणं, माणसाच्या पायांत पायांत करणं, ही देखील भीतीचीच लक्षणं आहेत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एक गंमत आढळली. तुमचं कुत्रं आवाजाला घाबरतं का, असं विचारल्यावर साधारण चौथा हिस्सा मालक हो म्हणाले. मग एकेक लक्षण घेऊन विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्या मालकांच्या कुत्र्यांत भीतीचं निदान एक तरी लक्षण निघालं. आपल्या कुत्र्याची भीती आपल्याच डोळ्यांना दिसत नाही असा याचा अर्थ. आणखी एक सांगतो. आजवर फटाक्यांना न घाबरणारं म्हातारं कुत्रं यंदा अचानक घाबरू लागलं, तर त्याचे सांधे, कंबर, दात तपासून घ्या. दुखणाऱ्या अंगाला दचकल्यावर कळ येते, आणि मग आवाज व कळ यांची सांगड बसते.

आता काय करायचं ते. आपल्याकडे कुत्रं चार तऱ्हांनी राहतं: दारात साखळीला, घरात माणसांत, वावरात राखणीला, आणि गल्लीत सर्वांचं मिळून. प्रत्येकाची निगा वेगळी आहे.

सर्वांत जास्त काळजी मला साखळीच्या कुत्र्याची वाटते. घाबरलेला प्राणी पळू पाहतो, आणि त्याला पळताच येत नाही. ते हिसके देतं, खुंटाभोवती किंवा बाजेच्या पायाभोवती गुंडाळून घेतं. ओढ्यावर उडी मारून पलीकडे लटकलं तर गळफास बसतो. हे मी पाहिलेलं आहे, आणि ते वर्णन करण्यासारखं नाही. म्हणून फटाक्यांच्या चार-पाच रात्री तरी त्याला आत घ्या. न्हाणीघर, धान्याची खोली, जिन्याखालची जागा, काहीही चालेल. बाहेरचं कुत्रं घरात घ्यायचं नाही अशी पद्धत अनेक घरांत असते, विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. मी त्यावर वाद घालत नाही. मग मागच्या पडवीला किंवा गोठ्याच्या बंद कोपऱ्याला दार लावून त्याला मोकळं सोडा. मात्र कडब्याच्या गंजीजवळ ठेवू नका. एक ठिणगी पडली तर बांधलेल्या जनावराला सुटका नसते. बांधणं अगदीच भाग असेल तर गळ्याच्या साखळीऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरा आणि घरातलं कुणीतरी जवळ बसा. खेचलं की आवळत जाणारी फासाची साखळी तर त्या दिवसांत काढूनच टाका.

घरातल्या कुत्र्याचं त्या मानानं सोपं आहे. संध्याकाळी दिवे लागण्याआधीच त्याला फिरवून आणा, म्हणजे रात्री बाहेर काढावं लागणार नाही. जेवणही लवकर द्या. एकदा आवाज सुरू झाले की ते खाणार नाही. खिडक्या बंद करा, पडदे ओढा, म्हणजे लखलखाट आत येत नाही. रेडिओ किंवा टीव्ही नेहमीच्या आवाजात चालू ठेवा. पंखा आणि कूलरची घरघरही बाहेरचे धमाके थोडे बोथट करते. आणि त्याला लपायला जागा द्या. दिवाणाखाली एखादं जुनं लुगडं किंवा आपण वापरलेली गोधडी टाका. आपल्या माणसाचा वास त्याला धीर देतो. ते तिथं जाऊन बसलं तर बसू द्या. पाहुण्यांना दाखवायला त्याला ओढून बाहेर काढू नका. त्या रात्री फराळाला माणसं येत-जात असतात, दार उघडं राहतं, आणि नेमक्या त्याच क्षणी कुत्रं पायांतून निसटतं. दारावर लक्ष ठेवायचं काम घरातल्या एका माणसाकडे सोपवा.

कुत्रं घाबरलं असताना त्याला थोपटावं का? पूर्वी सांगत असत की थोपटू नका, लाड केले की भीती वाढते. आता जाणकार असं मानत नाहीत. भीती ही काही खोडी नाही, की शाबासकी दिल्यानं पक्की व्हावी. ते जवळ आलं तर जवळ घ्या, सावकाश हात फिरवा, नेहमीच्या आवाजात बोला. आपणच "अरे बापरे, बघ किती घाबरलंय" असा गलका केला तर मात्र त्याची चलबिचल वाढते. आणि रागावणं, मारणं तर मुळीच नको. भीतीनं घरात लघवी झाली तर मुकाट्यानं पुसून घ्या.

वावरातल्या कुत्र्याकडे शहरातली माणसं बोलताना पाहतच नाहीत. आपल्याकडे दिवाळीचा सुमार म्हणजे सोयाबीन निघालेलं किंवा खळ्यावर आलेलं, कपाशीची वेचणी सुरू, रात्रीची जागल. फटाके तिथंही फुटतात, पण सणासाठी नव्हे. रानडुक्कर आणि रोही हुसकायला. म्हणजे राखणीला ठेवलेलं कुत्रं ज्याच्या मागं धावतं, त्याच्याच दिशेनं मालक सुतळी बॉम्ब फेकतो. मग ते कुत्रं राखण सोडतं आणि दोष त्यालाच. आवाज करायचाच असेल तर आधी कुत्र्याला झोपडीत घ्या, निदान हाक मारून मागं बोलवा. कार्बाइड भरलेल्या पाइपच्या बंदुका शेतात वापरल्या जातात, त्यांच्यापासून माणसानंही दूर राहावं. २०२५ सालच्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. आणि डुकरं मारण्यासाठी पिठाच्या गोळ्यात स्फोटक लपवून ठेवण्याचा जो अघोरी प्रकार कुठं कुठं चालतो, त्यात डुकराआधी कुत्र्याचा किंवा गाईचा जबडा उडतो. तो सरळसरळ गुन्हा आहे. तसं काही सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला, बोथ्याच्या किंवा राजूर घाटाच्या अंगाला राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिकडं बिबट्याचा वावर आहे. आवाजानं पिसाळल्यागत पळालेलं कुत्रं रात्री रानाकडे गेलं, तर ते आयतंच बिबट्याच्या तोंडी जातं.

गल्लीतल्या कुत्र्यांचं दुःख वेगळं आहे. त्यांना दार नसतं. त्यांच्यासाठी फार काही करावं लागत नाही. घराच्या मागची बाजू, जिना, बंद दुकानाची पायरी अशी एखादी जागा त्यांना त्या रात्री वापरू द्या, हाकलू नका. पाण्याचं भांडं ठेवा. आपल्या मराठीत भाद्रपदातल्या कुत्र्यांचा उल्लेख थोडा चेष्टेनंच होतो, पण त्या चेष्टेत जीवशास्त्र आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. भाद्रपदात माजावर आलेली कुत्री कार्तिकात विते. म्हणजे ऐन दिवाळीत गल्लीतल्या पुष्कळ कुत्र्या पोटुशी किंवा नुकत्याच व्यालेल्या असतात. अशी कुत्री घाबरून पिलं सोडून पळाली तर पिलं थंडीनं जातात. बुलढाण्याची थंडी काही साधी नव्हे. आणि ती पळाली नाही तर पिलांसाठी अंगावर येते. मुलांना नीट समजावून सांगा: कोपऱ्यात दडलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, त्याच्याकडे पेटता फटाका फेकायचा नाही. कोंडीत सापडलेलं कुत्रं चावतं. चावलंच तर जखम लगेच साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. जखमेत मिरची किंवा चुना भरत बसू नका.

औषधांबद्दल बरेच प्रश्न येतात. घरातली माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणं, दारूचे चार थेंब पाजणं, भांग देणं, असले सल्ले कानावर येतील. एकही ऐकू नका. तापाची पॅरासिटामॉल आणि अंगदुखीची आयब्युप्रोफेन ही औषधंसुद्धा कुत्र्याला घातक ठरू शकतात. काही गोळ्या अशाही आहेत, ज्यांनी कुत्रं निपचित पडतं, पण आतून सगळं ऐकत आणि घाबरत असतं. एसेप्रोमॅझिन हे त्यातलं जुनं नाव. एकटी तीच गोळी दिली तर मालकाचं समाधान होतं, कुत्र्याचं नाही. भीती खरोखर कमी करणारी औषधं आता उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०१५ साली खास कुत्र्यांच्या आवाजाच्या भीतीसाठी, हिरडी आणि गालाच्या मध्ये लावायच्या डेक्समेडेटोमिडीनच्या जेलला मान्यता मिळाली. इतरही पर्याय आहेत. पण वजन, वय, हृदय, यकृत पाहून ते पशुवैद्यकानंच ठरवायचं असतं. दिवाळीच्या निदान दोन आठवडे आधी कुत्र्याला दाखवा, म्हणजे एखादी मात्रा आधी देऊन परिणाम पाहता येतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी डॉक्टरला फोन लावून फारसं काही साधत नाही. अवघड आजारासाठी आपल्याला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था जवळ पडते. आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी राज्यात १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी बाराशेहून अधिक मालकांना विचारून २०२० साली याचा ताळा मांडला. प्रत्येक आवाजाबरोबर लगेच खाऊ किंवा खेळ देण्याचा उपाय ज्यांनी केला, त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त मालकांना गुण आल्याचं वाटलं. डॉक्टरनं लिहून दिलेल्या औषधांबाबत हे प्रमाण जवळपास तेवढंच. अंगाला घट्ट बसणारी बंडी घातलेल्यांत ४४ टक्के. वनौषधी, अत्तरासारखी फवारणी वगैरेंत तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी. हे मालकांचं म्हणणं आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. तरी दिशा कळते. पहिला उपाय फुकटचा आहे. धमाका झाला की लगेच भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा कण. मात्र कुत्रं अजून खाण्याच्या मनःस्थितीत असेपर्यंतच हे चालतं.

खाऊचा विषय निघाला म्हणून फराळाचं सांगतो. चिवड्यातले आणि लाडवातले मनुके-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. किती खाल्ले म्हणजे बाधतात, याचा नेम नाही. चॉकलेट विषारी, कांदा-लसूण वाईट. चकली-शंकरपाळे तळकट, त्यानं उलट्या-जुलाब लागतात. फटाक्यांमधली दारू तर सरळ विषच. न फुटलेले फटाके सकाळी अंगणात पडलेले असतात आणि पिलं ते चघळतात. म्हणून केर आधी काढा, कुत्रं नंतर सोडा. भाजलं असेल तर त्या जागी साधं गार पाणी दहा-पंधरा मिनिटं ओता. हळद, टूथपेस्ट, तेल, शाई काही लावू नका. दुखावलेलं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा तोंडाला सैल पट्टी बांधूनच उचला; धाप लागलेली असेल तर तीही नको.

कायद्याचा आधार आपल्या बाजूनं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाजाचे फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालच्या निकालात मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली आणि फक्त हरित फटाक्यांना वाट ठेवली. हे हरित फटाके घडवण्यात आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेचा मोठा वाटा आहे, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण 'हरित' शब्दानं फसू नका. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे धुरातले कण सुमारे तीस टक्क्यांनी कमी. आवाज त्यांचाही होतो, आणि कुत्र्याच्या कानाला पाकिटावरचा हिरवा शिक्का दिसत नाही. कुत्र्याच्या शेपटीला लड बांधणारे महाभाग अजून सापडतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम दहा ते पन्नास रुपये आहे, तो पाहून हसू येतं. परंतु जनावराला ठार किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ११२ वर कळवता येतं.

आवाजाशिवाय सण होतच नाही असंही नाही. इटलीत कोलेक्कियो नावाच्या गावानं २०१५ साली बिनआवाजी आतषबाजीचाच नियम केला. तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यातल्या वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याजवळच्या गावांनी तर घरट्यांतल्या पक्ष्यांसाठी वर्षानुवर्षं दिवाळीत फटाके वाजवलेले नाहीत. आणि नेपाळात, आपली दिवाळी असते त्याच दिवसांत, तिहार सणाचा एक दिवस कुत्र्यांच्या पूजेचा असतो. गळ्यात झेंडूची माळ, कपाळी टिळा. आपणही वसुबारसेला गाय पुजतो, दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पाहतो. त्यामुळे ही कल्पना परकी वाटू नये.

एवढं करूनही कुत्रं पळालंच तर? त्यासाठी आधीच एक काम करून ठेवा: गळपट्ट्यावर न पुसणाऱ्या शाईनं आपला फोन नंबर लिहा. दहा रुपयांच्या मार्करनं होतं. पळालेल्या कुत्र्यामागं मोटारसायकल घेऊन ओरडत जाऊ नका, त्यानं ते आणखी लांब जातं. आवाज शमल्यावर, पहाटे चार-पाचच्या सुमाराला, शांतपणे शोधा. पुलाखालच्या मोऱ्या, उभ्या ट्रकच्या चाकामागं, बांधकामाच्या विटांआड, कडब्यात, अशा ठिकाणी ती दडून बसतात. मागचं दार उघडं ठेवा, बाहेर त्याचं गोणपाट आणि पाणी ठेवा. पुष्कळ कुत्री उजाडताना आपली आपण परततात. आणि पाडव्याच्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहा. तुमचं नसलं तरी कुणाचं तरी कुत्रं तिथं झोपलेलं असतं.

खरी शिकवण मात्र दिवाळीनंतरची आहे. पिलू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जगातल्या गोष्टी सहज स्वीकारतं. कार्तिकात जन्मलेल्या पिलांचा हा काळ मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे नेमका लग्नसराईचा. वरातीच्या फटाक्यांनी त्याला पहिली धडकी भरण्याआधी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, इतका की पिलू कान हलवेल पण खाणं थांबवणार नाही. पाच मिनिटं, खाऊ देत देत, दिवसातून एकदा. चार-आठ दिवसांनी आवाज किंचित वाढवा. ते दचकलं, तर एक पायरी मागं या. मोठ्या कुत्र्यालाही हे शिकवता येतं, फक्त त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि त्या महिन्यांत खरे फटाके वाजायला नकोत. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत जेमतेम दहा-बारा दिवस मिळतात. त्या दिवसांत मोठ्या कुत्र्याला काही शिकवायला जाऊ नका. त्याला नुसतं निवांत झोपू द्या, आणि तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी दिवे लागण्याआधी पुन्हा आत घ्या.